दिवे लोकांचे, खोका आमचा

रोषणाईच्या धंद्यात किस्से आपोआप साठतात. लोक दिव्यांकडे बघतात, आम्ही त्यांच्यामागच्या खोक्याकडे बघत बसतो. ट्रान्सफॉर्मर आणि दिवे पळवणारा कंट्रोलर, दोन्ही त्या खोक्यात. पाणी शिरलं की मंडळ अंधारात आणि शिव्या आम्हाला!

हा धंदा आम्ही हौसेने धरला नव्हता. संप मिटेना, गिरणी उघडेना. मी गिरणीत वायरमन, माझा जोडीदार वासू विणाईखात्यात साच्यावर. लालबागच्या आमच्या चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून कोकणात परत चालली होती. वासूच्या बायकोने, शालूवहिनीने, बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत जमलां तर बरां, नायतर गावाक जावया."

वासूला ते नको होतं. गावी भावाच्या चुलीवर किती दिवस जेवणार!

*

पहिला खोका रे रोडच्या वखारीतल्या फळ्यांचा. गणपतीत पाऊस धो धो. ऐन आरतीत फ्यूज उडाला आणि लाकूड असं फुगलेलं, की झाकण उघडेना. मंडळाचा सेक्रेटरी ओरडतोय, "अरे उघडा, उघडा!"

वासू म्हणाला, "साहेब, गिरणीचं गेट उघडत नाही, तिथे ह्याचं काय घेऊन बसलात?"

हसलं कोणीच नाही. निम्मे कार्यकर्ते गिरणीतलेच होते.

*

मग ओळखीच्या कोळीणमावशीने मासळीची पेटी दिली. दोनदा धुतली, उन्हात वाळवली. पण ट्रान्सफॉर्मर तापला, पेटी तापली आणि मखरामागून बोंबलाचा वास सुटला! सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आला. "अरे, बाप्पासमोर हे काय?"

"बाप्पाचं काही म्हणणं नाही," वासू म्हणाला, "मांजरांना तेवढं आवरा."

पेटीभोवती अख्ख्या गल्लीतली मांजरं बसली होती. काम हातचं गेलं, हे सांगायला नको.

*

करी रोडला पत्र्याचा डबा नेला. हवा खेळावी म्हणून वर चीर ठेवली. ठेवला कुठे, तर मूर्तीच्या वाटेवर. लोकांनी हात जोडून त्यात नाणी टाकली! ठिणगी उडाली, दिवे गेले. डब्यावर पाटी लावली, 'येथे पैसे टाकू नयेत.'

मग लोक फुलं टाकायला लागले.

वैतागून दोघंही फूटपाथवर बसलो. वासू म्हणाला, "चल रे, गावालाच जातो मी." थट्टा नव्हती ती.

*

दिवाळी तोंडावर आली. वहिनीने गावी न्यायला लग्नातली पत्र्याची ट्रंक रिकामी करून पुसून ठेवली होती. त्याच दिवशी परळच्या एका हॉलवाल्याचा निरोप आला, "संध्याकाळी दिवाळीचे दिवे लावून दाखवा. आवडले तर वर्षभराचं काम तुमचं."

धड खोका एकही उरला नव्हता. वासूने ट्रंकेकडे बघितलं. वहिनी नळावर गेलेली. त्याने छिन्नी उचलली.

"वासू, वहिनी उभा चिरेल तुला!"

"चिरू दे," म्हणाला आणि हातोडी घातली. भोक पडलं, वायर आत गेली, तेवढ्यात वहिनी कळशी घेऊन दारात!

मी उगाच चपला शोधायला लागलो. वासू पुटपुटला, "वायरीपुरतां पाडलंय गो. गावाक जाताना बुजवतंय."

वहिनीने कळशी खाली ठेवली. ट्रंकेत हात घालून भोक बोटाने चाचपलं.

"एकच?" ती म्हणाली. "आतलां तापतलां नाय? ह्या अंगाक पण पाडा."