बावडीची इजाजत

पाला रोज झाडला तरी आमच्या बागेत ढीग असायचाच. किश्श्यांचंही तसंच. फरक एवढाच, की पाला पेटवता यायचा!

हैदराबादबाहेर नवाबांची हवेली. नवाब गेले, बाग सरकारकडे आली, आणि मी माळी म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी हेडमाळी विठोबामामा मला बावडीपाशी, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीपाशी, घेऊन गेले. आत वाकून म्हणाले, "इजाजत है, साब?" जरा थांबले. मग झारी उचलली.

"मामा, आत कोण आहे?"

"ते विचारायचं नसतं. इजाजत मागायची, बस्स."

"आणि नाही म्हणाले तर?"

मामांनी असं काही पाहिलं, की मीही वाकून विचारलं. दोनदा.

*

वॉचमन यादगिरी हे मानायचा नाही. न विचारता बावडीकाठच्या पेरूवर चढला. उतरला तर चपला गायब! दुसऱ्या दिवशी हवेलीच्या गच्चीवर सापडल्या, धुऊन वाळत घातलेल्या.

गच्चीवर मीच टाकल्या होत्या. धुतल्या मात्र मी नाहीत.

*

मग हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी निघाली. नोकरांना भाषा बघून पाठवणार म्हणे! काचीगुड्याच्या हॉटेलात चहाबरोबर रोज नवी अफवा. मामांची झोप उडाली. जन्म इथला, बायको-पोरं इथली. मराठी म्हणून धाडणार औरंगाबादला, आणि औरंगाबाद नुसतं ऐकलेलं.

"बाग आहे तोवर मी आहे रे. बाग गेली की मला पहिल्या गाडीत बसवतील."

तेव्हापासून मामा झाडांशीही तेलुगूत बोलायला लागले. मोगरा फुलायचा बंद झाला!

*

कर्नूलचे नवे तेलुगू साहेब आले. उर्दू मोडकीतोडकी बोलायचे, लिहिण्या-वाचण्याच्या नावानं शून्य. हुकूम सुटला: आमराई तोडा, बावडी बुजवा, जीपची शेड बांधा.

कुऱ्हाडवाले आले. मामा आडवे आले. "साब, एक बार इजाजत मांगने दो."

साहेब हसले. "मांगो, मांगो!"

मी आधीच बावडीच्या पायऱ्यांवर दडून बसलो होतो. मामांना पत्ता नव्हता. त्यांनी विचारलं की जाड आवाजात "नै!" म्हणायचं, एवढाच माझा प्लॅन.

"इजाजत है, साब?"

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

तेवढ्यात माझ्या खालच्या पायरीवरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "दरखास्त लिखके लाव."

खाली नुसतं पाणी होतं.

मी वर कसा आलो, आठवत नाही. कुऱ्हाडवाले फाटकापलीकडे पोचले होते. पांढऱ्याफटक पडलेल्या साहेबांनी अर्ज लिहायला खिशातून पेन काढलं. "किस... किसके नाम लिखना?"

मामांनी घाम पुसला. "मेरेकू क्या मालूम, साब. मगर उर्दू में लिखो. तेलुगू उनकू नै आती."