दोनच पदार्थ

नॉर्वेतल्या आमच्या स्कार्वनेस गावच्या मिशन महिला मंडळात रागनाइतकी कडू जीभ दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि ती जीभ गप्प बसावी असं मंडळानेही कधी काही केलं नाही. उभा जन्म मासळीच्या कारखान्यात कॉड चिरून तिची बोटं वाकडी झाली होती. नवरा समुद्राने नेला, मुलगा ऑस्लोने. उरलं होतं ते एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी भरणारं हे मंडळ. तिथे जाऊन ती सगळ्यांना नावं ठेवी, घरी येई आणि पुढच्या गुरुवारची वाट पाही.

मंडळ तिच्या आईच्या काळापासूनचं. बायका जमायच्या, मोजे विणायच्या, नाताळच्या आधी बाजार भरवून ते विकायच्या आणि आलेला पैसा मादागास्करच्या मिशनला धाडायच्या. "उन्हातल्या त्या गरीब लेकरांसाठी," असं म्हणताना मंडळाच्या अध्यक्ष गुन्वोरचे डोळे हमखास ओले होत. लेकरं पुरेशी लांब होती ना! गावातल्या एकट्या म्हाताऱ्या खलाशाकडे सरपण आहे की संपलंय, हे पाहायला मात्र रागनालाच जावं लागे. गुन्वोर दुकानदाराची बायको. देवाशीसुद्धा ती गिऱ्हाइकाशी बोलावं तशीच बोलायची, तोंडाने गोड आणि बोट तराजूच्या काट्यावर.

मंडळाचा एक नियम होता. दर वेळी बैठक नव्या घरी व्हायची आणि पाळी ज्या घरची, त्या घराने कॉफीबरोबर दोनच पदार्थ ठेवायचे: एक पाव, एक केक. तिसरा पदार्थ टेबलावर दिसला, की कुणी कशालाच हात लावायचा नाही. नियम रागनाच्या आईने घालून दिलेला, म्हणून रागना तो पोलिसासारखा राबवायची. एका नाताळात गुन्वोरने सात तऱ्हांची बिस्किटं मांडली, तर रागनाने सगळ्यांना कोरी कॉफी पाजून घरी पाठवलं होतं. गुन्वोर हसली होती, पण विसरली नव्हती.

मग गाव बदललं. तरुण पोरं दक्षिणेकडच्या शहरांत गेली आणि कारखान्यात मासळी चिरायला हात उरले नाहीत. तेव्हा मालकाने श्रीलंकेतल्या लढाईतून पळून आलेल्या तमिळ माणसांना कामावर घेतलं. बंद पडायला आलेली शाळा पुन्हा गजबजली. मंडळाच्या बायका हे सगळं पडद्याआडून पाहत होत्या. ज्या लांबच्या गरिबांसाठी इतकी वर्षं रडून झालं होतं, त्यांच्यासारखीच माणसं समोरच्या गल्लीत राहायला आली, आणि त्यांना कॉफी विचारायचं एकीलाही सुचलं नाही.

"प्रार्थना फळाला आली म्हणायची," रागना एका गुरुवारी सुई न थांबवता म्हणाली. "उन्हातली लेकरं इथवर चालत आली. आता दार उघडताय, की नुसताच पडदा?"

कुणीच काही उघडलं नाही. शेवटी अमलानेच दार ठोठावलं. कारखान्यात मासळी चिरणारी ही तमिळ बाई पोटुशी होती. त्या गुरुवारी पाळी ओड्नीची होती; हातात लोकरीची पिशवी घेऊन अमला तिच्या घरी भर बैठकीत येऊन उभी राहिली आणि तुटक्या नॉर्वेजियनमध्ये म्हणाली, "मला मंडळात यायचं आहे."

"हो का? पण बाळ, हे ख्रिस्ती बायकांचं मंडळ आहे," गुन्वोर मधाळ आवाजात म्हणाली.

अमलाने गळ्यातला क्रूस बाहेर काढून दाखवला. "माझ्या पणजोबांचं लग्नसुद्धा चर्चमध्येच झालं."

"म्हणजे कॅथलिक, आमच्यासारखी प्रोटेस्टंट नव्हे," असं गुन्वोरने म्हटलं, ते पिठात अळी सापडल्यासारखं.

"तुझे पणजोबा दारू पिऊन चर्चच्या पायरीवर लोळायचे, गुन्वोर," रागना म्हणाली. "पणजोबांचं राहू दे. पोरीला बसू दे."

अमला बसली, पण बसली म्हणजे मंडळात आली असं नव्हे. मंडळ जिच्या घरी कॉफी पिऊन येई, तीच त्याची सभासद. महिनाअखेरची पाळी गुन्वोरने हसत अमलाला दिली.

घरी परतताना रागनाने अमलाला सरळच विचारलं, "काय मिळणार आहे तुला या म्हाताऱ्या कोंबड्यांत?"

अमलाने शेजारच्या घराकडे बोट केलं. गेल्या थंडीत त्या घरी बाळ झालं होतं. आमच्याकडे सभासद बाळंत झाली, की मंडळाच्या बायका आळीपाळीने सायीच्या लापशीचं भांडं घेऊन जातात, वर लोणी तरंगत असतं. तिच्यापाशी बसतात, बाळ मांडीवर घेतात. ते सगळं अमलाने खिडकीतून पाहिलं होतं.

"माझी आई तिकडे, जाफन्यात," ती म्हणाली. "तिला येता येणार नाही. बाळ झाल्यावर कुणीतरी बाई दारात यावी, मावशी. एवढंच."

"मी कुणाची मावशीबिवशी नाही," रागना फणकारली आणि आपल्या वाटेने गेली. घरी मात्र तिने भांडी उगाच दोनदा घासली. एवढ्याशा लापशीसाठी या पोरीला गुन्वोरचा उंबरठा झिजवावा लागतो, याचा तिला भयंकर संताप आला होता.

पाळीच्या दिवशी सगळ्या आल्या. मायेपोटी नव्हे, कुतूहलापोटी. दारातच त्यांचे पाय थबकले. टेबलावर चकल्या होत्या, वडे होते, वाफवलेल्या शेवयांची चवड होती, आमच्याच कॉडचे तळलेले मसालेदार गोळे होते. शिवाय रव्याचा केक, केळी आणि वाडगाभर खीर.

"अरेरे," गुन्वोर खुर्चीत टेकत म्हणाली. "तिसरा कसला, चांगले सात आहेत! रागना, नियम तुझ्या आईचा. आम्ही आपल्या पाळतो."

बायकांनी हात मांडीवर घडी करून ठेवले. अमलाला काहीच कळेना. तिने कॉफी ओतली, गोळ्यांची ताटली उचलली आणि एकेकीसमोर धरली. पहिली म्हणाली, "पोट भरलंय." दुसरी म्हणाली, "पोट भरलंय." ताटली तशीच भरलेली रागनासमोर आली.

रागनाला आधी अमलाचाच राग आला. "अगं, एवढं मांडायच्या आधी कुणाला विचारायचं तरी!"

"विचारलं ना," अमला म्हणाली. "गुन्वोरबाईंना. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे पाहुण्यांना करता तसं सगळं कर."

गुन्वोरला एकाएकी आपल्या कपाची नक्षी फार पाहण्यासारखी वाटू लागली.

रागना उठून उभी राहिली. "माझ्या आईने हा नियम का घातला, ठाऊक आहे? मी तेव्हा पोर होते. आमच्या घरची पाळी होती आणि घरात पीठ नव्हतं. आई वाळलेल्या पावाचे तुकडे मांडून बसली. तुमच्या आया, तुमच्या सासवा आल्या, त्या पावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, पोट भरलंय. अगदी तुमच्याच तोंडचे शब्द! पदार्थांच्या चढाओढीत कुणा बाईची मान तिच्याच घरात खाली जाऊ नये, म्हणून आईने तो नियम केला. मी मूर्खासारखी आयुष्यभर पदार्थ मोजत बसले. आणि आज तुम्ही त्याच नियमाने हिला मान खाली घालायला लावताय. थू तुमच्या मोज्यांवर!"

ती खाली बसली. आधी गोळा खाल्ला, मग चकली, मग वडा. आमच्याकडे मिरी म्हणजे तिखटाची परमावधी. रागनाचं नाक लाल झालं, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी तिचं तोंड थांबलं नाही.

"बघून घ्या. माझेही डोळे गुन्वोरसारखे ओले झाले," ती घास गिळत म्हणाली. "पण माझे हिच्या हातचं खाऊन झालेत."

कुणीतरी फिसकन हसलं. ओड्नीने हळूच हात पुढे करून केकचा तुकडा उचलला. मग एकीने शेवया घेतल्या, दुसरीने त्यांचं काय करायचं ते विचारलं, आणि अमला दाखवायला धावली. गुन्वोरने सगळ्यात शेवटी हात घातला आणि ताटलीतला सगळ्यात लहान गोळा शोधून काढला. खाल्ला मात्र पुरता.

अमलाला मुलगी झाली ती ऐन वादळात, रस्ते बर्फाने बंद असताना. पहिलं भांडं कुणी न्यायचं यावर मंडळात बोलणं होण्याआधीच गुन्वोर गुडघाभर बर्फ तुडवत भांडं घेऊन दारात हजर झाली. रागना तिच्याही आधी येऊन बाळंतिणीपाशी बसली होती. तिने भांड्यावरचं झाकण उचलून आत पाहिलं. वर बोटभर जाड लोणी होतं.

"दुकान रिकामं केलंस की काय?" रागनाने विचारलं.

"बाळंतिणीला लागतं," गुन्वोर पुटपुटली. बाळाच्या गालाला तिने एक बोट लावलं आणि आली तशी निघून गेली.

"चांगल्या आहेत हो त्या, मावशी," अमला म्हणाली.

"चांगली कसली! शरमलीय," रागना बाळाला मांडीवर घेत म्हणाली. "तू खाऊन घे मुकाट्याने. लाज उतरली, की लोणीही आटेल."