ताईच्या पुटिका

सांगोल्याच्या शाळेत मी तास घेत होतो, तेव्हा सोलापूरहून आईचा फोन आला. "ताई उटंना रं," एवढंच म्हणाली. पुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं...

ताई माझी थोरली बहीण. आमच्या वस्तीतून विज्ञानात संशोधन करायला गेलेली पहिलीच. पुण्यात ती मेंदूतल्या मज्जापेशींवर काम करायची आणि सुट्टीत आली की मला ते सांगत बसायची. पेशीच्या टोकाशी रसायनानं भरलेल्या इवल्याशा पिशव्या असतात, त्यांना पुटिका म्हणतात. निरोप आला की पिशवी कडेला चिकटून उघडते, रसायन शेजारच्या पेशीकडे जातं. रिकामी पिशवी मात्र पेशी टाकून देत नाही. तेच आवरण आत ओढून घेते, नवी पिशवी घडवते, पुन्हा भरते. अगदी जीर्ण झालेलंही मागे नेऊन मोडते आणि त्यातलं कामाचं ठेवून घेते. हे आत ओढून घेणं कसं घडतं, याचाच ताई शोध घेत होती.

मग तिच्या मार्गदर्शकांचा शोधनिबंध छापून आला. छायाचित्रं ताईची, मोजमापं ताईची. ती तो घेऊन घरी आली. आईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "तुजं नाव कुटं हाय गं ह्यात?" ताईनं शेवटच्या पानावर, आभाराच्या ओळीत बोट ठेवलं. पुढं तिनं संस्थेकडे तक्रार केली, तर चौकशी समितीनं तिलाच समजुतीनं घ्यायला सांगितलं. ती सगळं सोडून परतली आणि सोलापूरच्याच कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवत राहिली.

पन्नाशीच्या आतच तिचा हात थरथरू लागला. कंपवात. डॉक्टर मेंदूचं चित्र काढून दाखवू लागले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "राहू द्या. ज्या पेशी मरतायत, त्या मी जवळून बघितल्यात."

विहारातल्या शोकसभेत मार्गदर्शकांचा संदेश वाचला गेला. ‘माझी सर्वांत बुद्धिमान विद्यार्थिनी.’ लोकांनी माना डोलावल्या. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ह्ये तवा का न्हाय लिवलं त्येंनी?"

शेवटी शेवटी ताई चहा अर्धा कपच मागायची. भरलेला हातातून सांडायचा. आई अजून सकाळी तिच्या खोलीत अर्धा कप नेऊन ठेवते. गार झाला की मोरीत ओतते, कप विसळते, पालथा घालते... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धाच भरते.