मीटरवरची टिकली

भागीरथी मावशीबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाय, आधीच सांगतो. आठवीत शाळा सोडलेली, मला कोण गाडी देत नव्हता. हिने डायरेक्ट आपल्या टेम्पोची चावी दिली. ठाण्याच्या कोळीवाड्यातली बाई. पहाटे मासळी बर्फात भरायची, मग आम्ही दोघं नाशिकच्या बाजाराला.

ब्याण्णव साली कसारा घाटात दोनदा पिस्टन जळला. पाण्याच्या गरमीचा मीटर एकदम नॉर्मल, आणि आत पिस्टन वितळलेला! दोन्ही वेळा अख्खा माल सडला. मावशी म्हणाली, "तिसऱ्यांदा झाला ना चंद्या, तर टेम्पो विकीन न् पाटी घेऊन दारोदार फिरेन." खोपटचा एक शेठ तर घ्यायला तयारच बसलेला.

मी ठाकुर्लीला नामा मिस्त्रीकडे गेलो. हा आधी कंपनीत बॉयलरवर होता.

"पाणी तापेपर्यंत आतलं जळून जातं," तो म्हणाला. "धुराची गरमी मोजायला पायजे."

त्याच्याकडे भंगारातला भट्टीचा मीटर पडलेला. इंजिनाचा जळका धूर ज्या लोखंडी नळातनं बाहेर पडतो, तो त्याने खोलून काढला, भोक मारलं, आटे पाडले, लोखंडाचा बुरादा फुंकून साफ केला. भोकात त्या मीटरची गरमी मोजायची पेन्सिलीएवढी दांडी बसवली. तिच्या दोन वायरी केबिनमध्ये, मीटर मावशीच्या सीटसमोर.

मी स्टार्टर मारला. सुई शून्याच्या पण खाली पळाली!

मावशी बोलली, "नामा, ह्यो इंजिन हाय का बर्फाचा कारखाना?"

नामाने कपाळावर हात मारला. वायरी उलट्या जोडलेल्या. अदलाबदल केल्यावर सुई मस्त वर चढायला लागली. त्याने काचेवर बोट ठेवलं. "साडेसहाशे डिग्री. याच्या वर नाय."

"मना आकडं नाय समजत." मावशीने बटव्यातनं टिकलीचं पाकीट काढलं आणि त्याच्या बोटाच्या जागी लाल टिकली चिकटवली. "चंद्या, तू रस्ता बघ. सुई मी बघीन."

दुसऱ्या दिवशी फुल माल, कसारा घाट. पुढे ट्रक रांगत होता. माझी सटकली, पाय दाबला. मागे काळा धूर.

"टिकलीला टेकली रं!"

"मावशी, एवढा एक ओव्हरटेक..."

तिने मांडीला असला चिमटा काढला की मी बोंबललो. "पाय काढ! गिअर खाली टाक!"

सेकंड टाकला. इंजिन ओरडायला लागलं, मला वाटलं आता अजून तापणार. पण भार हलका झाला, डिझेल कमी जळलं, आणि सुई खाली आली. मागच्या गाड्या पुढे गेल्या. एका ट्रकचा क्लीनर ओरडला, "म्हातारे, उतरून ढकल!"

मावशी खिडकीतनं अर्धी बाहेर. "मेल्या, तू ये, आधी तुला ढकलते!"

हसून हसून माझा स्टेअरिंग हलायला लागला. तसंच हसत, रांगत, घाट चढलो. नाशिकला पाट्या उघडल्या तर बर्फ टणक आणि बांगडे चकाचक. दुपारी बारापर्यंत माल साफ. मावशीने मला दोन प्लेट मिसळ चारली, वर विचारते, "चिमटा दुखतो का रं?"

परत येताना खोपटला शेठ रस्त्यातच उभा, बरोबर इंजिन बघायला माणूस पण आणलेला.

मावशी खाली उतरलीच नाय. काचेवरची टिकली अंगठ्याने नीट दाबली आणि बोलली, "शेठ, घरी जा. ही माझी सीट हाय, मी नाय उठणार."

मी हॉर्न वाजवला. जरा जास्तच वाजवला.