आमच्या बंद घराचा संसार

दुसऱ्याचा संसार स्वतःच्या संसारापेक्षा टापटीप चालवणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच, आणि तो माणिकपूरला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहतो. सत्त्याण्णव साली मी बायको आणि मुलीला घेऊन टोरांटोला निघालो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटची किल्ली या काकांच्या हातात दिली आणि ‘जमेल तसं लक्ष ठेवा’ म्हणालो. हे वाक्य मी जरा विचार करून बोलायला हवं होतं. काकांचा उभा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलेला. ताब्यात आलेली वस्तू धनी येऊन सही करेपर्यंत जपायची, एवढा एकच धर्म त्यांनी आयुष्यभर पाळला.

रोज सकाळी दहाला ते वर जात. खिडक्या उघडत, पंखे फिरवत, टँकर येऊन गेला असेल तर नळ सोडून बघत, आणि मग आमच्या सोफ्यावर बसून अर्धा तास पेपर वाचत. घराला रोज माणसाचं तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर ते मनाला लावून घेतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या घरात हे गृहस्थ घटकाभर टेकत नाहीत, ही काकूंची तक्रार. दसऱ्याला होळी गावाहून येणाऱ्या भाजीवालीकडून ते आमच्या दारासाठी वेगळा झेंडू घेत. कुलूप लावलेल्या दाराला तोरण कशाला, असं तिने एकदा विचारलं, तर ‘मालक बाहेर गेलेत, येतील’ एवढंच त्यांनी सांगितलं. जसा काही मी कोपऱ्यावर दूध आणायला गेलो होतो.

आमच्या वतीने ते लग्नांनाही जात. माझ्या मावसभावाच्या लग्नाची कॅसेट आम्ही टोरांटोत पाहिली, तेव्हा स्टेजवर काका दोनदा दिसले. एकदा काकूंबरोबर, स्वतःच्या वतीने, आणि नंतर शर्ट बदलून एकटेच, आमच्या वतीने. दुसऱ्या खेपेला त्यांनी चेहरासुद्धा माझ्यासारखा थोडा अवघडलेला केला होता, असं हिचं ठाम मत आहे.

आमचा तिकडचा संसारही त्यांना माणिकपुरातूनच चालवायचा होता. रविवारी फोन केला की पहिला प्रश्न पाण्याचा. चोवीस तास पाणी येतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. येतंय म्हणून बेसावध राहू नका, एक पिंप भरून ठेवा, असं ते दर आठवड्याला बजावत. शेवटी हिने एक पिंप आणलंच. पुढे एका हिवाळ्यात आमचा नळ दोन दिवस गोठला आणि आम्ही त्या पिंपावर निभावलो. ही गोष्ट मी काकांना सांगितली, ही माझी दुसरी चूक. त्यानंतर भाजीपासून बर्फ उपसण्यापर्यंत सगळ्या बाबतीत ते हक्काने सूचना देऊ लागले.

दोन हजार चार साली आम्ही ठरवलं की आता परत जायचं नाही. मुलगी तिकडचीच झाली होती. मी फोनवर काकांना फ्लॅट विकायला सांगितलं. ते ‘बघतो’ म्हणाले आणि वर्षभर बघतच राहिले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतः वर नेत. पहिल्याला त्यांनी टँकरच्या पाण्याची साद्यंत हकीकत सांगितली. दुसऱ्याला पावसाळ्यात ओल धरणारी भिंत हात लावून दाखवली. तिसरं जोडपं या सगळ्याला पुरून उरलं. जागा पसंत आहे म्हणाले. तेव्हा काकांनी त्यांना सांगितलं की मी रोज दहाला इथे येऊन पेपर वाचतो, तेवढी सवय तुम्ही करून घ्या. ते जोडपं पुन्हा दिसलं नाही.

हे सगळं मला काकूंकडून कळलं. मी रजा काढून आलो, एजंट गाठला आणि चार दिवसांत सौदा ठरवला. मग थोड्या रागातच काकांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “विकायला माझी ना नाही रे. पण मग तू वसईला कोणाकडे येणार?”

“तुमच्याकडेच येणार, काका.”

“माझ्याकडे पाहुणा म्हणून येशील. आत्ता येतोस तो घरी येतोस.”

दुसऱ्या दिवशी मी रजिस्ट्रेशनच्या सह्या केल्या. काका साक्षीदार म्हणून आले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.

रविवारचा फोन मी अजून करतो. दोन मिनिटांत बोलणं संपतं. मग ते विचारतात, “इकडचं काही काम असेल तर सांग.” मला फार वाईट वाटतं. पुढचा आठवडाभर, बसमध्ये, दुकानात, बर्फ उपसताना, वसईतलं आपलं एखादं राहिलेलं काम मी आठवत असतो. एकही आठवत नाही.