पायातली चांदी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. मुलाने एकदा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून "बाबा, हे काय?" असं विचारलं होतं. "जुनं रेडिओचं सामान," म्हणून मी विषय संपवला. ते रेडिओचं सामान नव्हतं. मेंदूच्या लहरी बघायला मी घरी बनवलेलं यंत्र होतं, आणि त्याच्या जोरावर मी एका मुलीचं नुकसान केलं होतं.

मी तेव्हा सोलापुरात एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. आणीबाणी उठली त्याच्या मागोमागचा उन्हाळा. वाचनालयाच्या रद्दीत एक परदेशी मासिक सापडलं आणि त्यात या यंत्राचा आराखडा. मी झपाटल्यासारखा मागे लागलो. लहरी मोठ्या करणाऱ्या दोन चिपा एका ओळखीच्याने पुण्याहून आणून दिल्या. घरातली वीज डोक्याला जोडायची नाही, टॉर्चचे सेलच वापरायचे, असं मासिकाने बजावलं होतं, ते पाळलं. वायर ग्रामोफोनची, बाहेरून जाळी असलेली. डोक्याभोवती बांधायला पायजम्याच्या नाडीऐवजी घालतात ते इलॅस्टिक. राहिला चकत्या डोक्याला चिकटवायचा लेप. माझ्या एका मित्राच्या घरी माग होते. तेलुगू घर, चादरी विणणारं. सुताला लावायची खळ त्यांच्याकडे रोज शिजायची. त्या खळीत मीठ घालून बघितलं, तर लेप उत्तम जमला. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

खरं काम चकत्यांचं होतं. शर्टाच्या बटणाएवढ्या तीन चांदीच्या चकत्या हव्या होत्या: एक डोक्याच्या मागे डावीकडे, एक उजवीकडे, तिसरी कानाला. यंत्राचं बटण फिरवलं की कधी डावी बाजू दिसणार, कधी उजवी. सोनाराकडे चोख चांदी दोन चकत्यांपुरतीच निघाली. तिसरीसाठी मी आईचं तुटकं पैंजण पुढे केलं.

सोनार म्हातारा होता. पैंजण हातात घेऊन त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, हे डोक्याला लावणार?"

"हो."

"पायातलं डोक्याला लावू नका. आठ दिवस थांबा, चोख देतो की."

"अहो, विज्ञानाला पाय काय आन् डोकं काय!"

"तुमचं विज्ञान तुमच्यापाशी. मी आपलं सांगितलं."

मी मनातल्या मनात हसलो. म्हातारा सोवळं पाळतोय असं मला वाटलं. तो धातूबद्दल बोलत होता. पैंजण झिजू नये, वाकू नये म्हणून त्या चांदीत तांबं जास्त घालतात, हे त्याला माहीत होतं. मला वाटलं, मलाच सगळं माहीत आहे.

लहरी नीट पकडाव्यात म्हणून चकत्या मिठाच्या पाण्यात बुडवून सेल जोडायचा; त्यांच्यावर करडा थर चढतो. दोन चकत्यांवर तो सारखा चढला. पैंजणाच्या चकतीवर हिरवट डाग उठले. मी ते पाहिले होते. चोळून पुसले आणि ती चकती डाव्या वायरला जोडली.

मित्राची धाकटी बहीण तेव्हा अठरा वर्षांची. मॅट्रिक होऊन परगावी नर्सिंगला तिचं नाव लागलं होतं. तिच्या घरात मुलीने गाव सोडून शिकायला जायची ती पहिलीच वेळ. पण ती उन्हात दोनदा चक्कर येऊन पडली होती, आणि कधी कधी बोलता बोलता क्षणभर थांबायची. मित्राच्या मनात तेवढ्यावरून भीती बसली होती.

"काय बे शास्त्रज्ञ," तो मला म्हणाला, "तुझा तो डबा हिच्या डोक्याला लावून बघ की. तिथं जाऊन पडली-झडली तर कोण आहे तिचं?"

एका रविवारी सकाळी ती शिकेकाईने केस धुऊन आमच्याकडे आली. डोक्याला खळ लावताना म्हणाली, "दादा, आमी सुताला लावतो ते तुमी माणसाला लावायलाय. मला मागावर चढवू नका म्हणजे झालं." आम्ही तिघेही हसलो.

उजवीकडे बटण केलं. मीटरचा काटा बारीक थरथरत मध्ये राहिला. डावीकडे केलं, तर तो डुलत डुलत निघाला आणि कडेला जाऊन टेकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"काय दिसतंय हो दादा?" तिने विचारलं.

मला कळत नाही, असं म्हणायला हवं होतं. चांगल्या डॉक्टरला दाखवा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण ती दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि आयुष्यात तसं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

"डाव्या बाजूला लहरी नीट नाहीत," मी म्हणालो.

तिने इलॅस्टिक स्वतःच सोडलं, केसांतली खळ पदराने पुसली. मित्र दारातून म्हणाला, "बरं झालं बे, वेळेवर कळलं."

आठ दिवसांनी मी ते यंत्र स्वतःच्या डोक्याला लावलं. उजवीकडे काटा मध्ये, डावीकडे कडेला. रेडिओ बिघडला तर मी पहिल्यांदा काय करतो? भाग अदलाबदल करून बघतो. दोष भागाबरोबर सरकला, तर भाग खराब. हे मी मुलांना रोज शिकवायचो. डाव्या-उजव्या चकत्यांची अदलाबदल केली. आता उजवीकडे बटण केल्यावर काटा कडेला जाऊन टेकला. दोष पैंजणाच्या चकतीबरोबर सरकला होता. दोन वेगवेगळे धातू खारट लेपात भिजवले की त्यांचाच एक छोटा सेल तयार होतो आणि काटा ढकलतो. तेवढाच तो दोष.

तिला हजर व्हायला अजून चार दिवस होते.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर शेजारचे दोघे-तिघे बसले होते. मित्राने माझ्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "हेच ते. डॉक्टरला जमलं नसतं ते यांनी घरात बसून काढलं." आत मागाशेजारी ती सुताच्या कांड्या भरत होती. मान वर केली नाही. चहा आला. मी प्यालो, पावसाचं बोललो आणि उठलो. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. असे चारही दिवस गेले.

ती नर्सिंगला गेलीच नाही, घरीच राहिली. "डोक्यात दोष" हे गल्लीत पसरलं होतं, म्हणून लग्नही उशिरा आणि बिजवराशी झालं. पुढे तिला कधी चक्कर आल्याचं मी ऐकलं नाही. मित्राशी मीच हळूहळू संबंध कमी केले; त्याला वाटलं, मी मोठा झालो.

खूप वर्षांनी ती बाजारात भेटली. केस पांढरे, सोबत सून. तिनेच ओळखलं. सुनेला म्हणाली, "यांच्या पाया पड. यांनी वेळेवर सांगितलं म्हणून मी वाचले. नाहीतर परक्या गावात कुटं पडून मेले असते, कुणाला ठाऊक." सून वाकली. मी मागे सरकलो, तोंडातून "असू दे, असू दे" एवढंच आलं.

मागच्या वर्षी ती गेल्याचं कळलं. तिच्या दारापर्यंत गेलो आणि लोक बघून परतलो. तिला सांगायचं होतं ते दोन-तीन वाक्यांचंच होतं. तुझं डोकं चांगलं होतं. तुला जायला चार दिवस होते तेव्हाच ते मला कळलं होतं, आणि माझी लाज वाचावी म्हणून मी गप्प बसलो. मला माफ कर.