डाळमिलमधली भिंत

सोलापूरचा भाचा आर्किटेक्टचं शिकतो. आमच्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा शटरमधून आत पाऊल टाकलं आणि तिथंच उभा राहिला. वर पत्रा, मध्ये लोखंडी खांब, या टोकाला स्वयंपाक, त्या टोकाला अंथरुणं, आणि एकही भिंत नाही. म्हणाला, "मामी, अहो हे तर लॉफ्ट झालं! मुंबई-पुण्यात जुन्या कारखान्यांची अशी घरं करतात, मासिकांत फोटो येतात त्यांचे." मग त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. घरात उंच वस्तू नाही, सगळं सामान कमरेच्या खाली, हे त्याला फारच आवडलं. ज्या लांबट बाकावर बसून तो चहा प्याला, ते आमचं साधं लोखंडी कपाट होतं. मी ते पाठीवर पाडून वर गोधडी अंथरली होती. "काय नजर आहे मामी तुमची," असं तो जाताना म्हणाला. नजर कसली डोंबलाची! भीती होती ती.

अणदूरच्या अलीकडं, हायवेपासून थोडी आत, माझ्या सासऱ्यांची डाळमिल होती. ती बंद पडली. वाटणी झाली तेव्हा दिरांना बाजारातलं दगडी घर गेलं आणि आम्हाला मिल आली. नातेवाइकांनी हळहळ केली, की बिचाऱ्यांना पत्र्याचं शेड मिळालं. मी मात्र खंडोबाला नारळ फोडला. त्या दगडी घरात लग्नापासून मी एक डोळा उघडा ठेवून झोपत आले होते. मिलमध्ये बाहेरून कमरेइतकं बांधकाम आणि वर सगळा पत्रा. पत्रा पडला तर माणसाला लागेल, पण खालून माणूस निघेल, असा माझा हिशेब.

घर लावायला घेतलं तेव्हा आधी तुरीचा भुसा निघाला. झाडावं तितका निघायचा. खांबांमधून, छताच्या लोखंडी कैच्यांवरून, जुन्या चाळणीच्या जाळीतून महिनोन्महिने पिवळी धूळ गळत राहिली. मुलीनं खांब निळे रंगवले. चाळणीची मोठी जाळी आडवी टाकून तिच्यावर आम्ही काच बसवली आणि जेवणाचं टेबल केलं. पोती ठेवायचा लोखंडी माळा होता, जिना चढून जायचा. तिला तिथं झोपायचं होतं. मी जिनाच कापून काढायला लावला. तेव्हा ती चौथीत होती, रडून गप्प बसली.

बाकीचे नियमही माझेच. कुठं टांगलेला फोटो नाही, खिळा नाही. देव पाटावर. छताचा पंखा नाही, उभा पंखा. रोज झोपताना उशाशी स्टीलचे दोन ग्लास, एकावर एक पालथे. जमीन हलली तर ते आधी खुळखुळतील आणि मला जाग येईल म्हणून. हायवेवरून लोड भरलेला ट्रक गेला तरी ते खुळखुळायचे. मी मुलीला कवटाळून अंगणात. मागून आमचे हे ओरडायचे, "ट्रक हाय गं, ट्रक! झोप की आता!"

माझं माहेर लोहारा तालुक्यातलं. भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी पहिलीत होते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद, सगळं एका दमात खाली आलं. मला वडिलांनी दंडाला धरून ओढून काढलं. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आतल्या खोलीत होती. तिला आतून कडी लावून झोपायची सवय होती. वडील दार ढकलत होते, ती आतून कडी ओढत होती, आणि चौकट वाकडी झाल्यामुळं कडी निघत नव्हती. तिचा आवाज मी ऐकला. मग भिंतीचा उरलेला भाग पडला आणि तो आवाज बंद झाला. हे मी मुलीला लहानपणापासून सांगत आले. का सांगितलं म्हणाल, तर सावध राहावी म्हणून. दुसऱ्या आया भुताची गोष्ट सांगतात, मी भिंतीची सांगितली.

मुलगी दहावी झाली आणि म्हणाली, "आई, मला खोली पायजे. दाराची."

"एवढं मोठं घर हाय, कुठंबी बस की," मी म्हणाले.

"घर न्हाय हे, बसस्टँड हाय! पप्पांची कांडप मशीन सुरू, तुझा कुकर सुरू, तुझा मामाशी फोन सुरू. फिजिक्स कुठं करू?"

तिचं खोटं नव्हतं. पुढच्या पडवीत ह्यांची पिठाची गिरणी आणि मिरची कांडपाची मशीन आहे, उन्हाळ्यात तर दिवसभर घरघर. मी पडदा लावला. तिनं तो दोन्ही हातांनी ओढून खाली पाडला. मी प्लायवूडचं सुचवलं, तर ह्यांनी सांगितलं की प्लायनं आवाज थांबत नाही. मग एक दिवस जेवताना ती शांतपणे म्हणाली, "मग मी लातूरला जाते. हॉस्टेलला." तिला ठाऊक होतं ती काय बोलते आहे.

आम्ही हॉस्टेल बघायला गेलो.  मजल्यावर मजला, जिना एवढा अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटावं लागतं. खोलीत पलंगावर पलंग, खिडक्यांना गज. हॉस्टेलच्या बाई सांगत होत्या की नऊ वाजता खालचं गेट कुलूपबंद होतं, काही काळजी करू नका.  जिना उतरताना मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता, आणि तिथल्या पोरी त्याच जिन्यावरून हसत, पळत वर चालल्या होत्या. गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "भिंत बांधा." मुलगी मागं बसली होती. तिनं खिडकीची काच खाली केली.

भिंत बांधायलाही मी सुखानं दिली नाही. विटा हलक्या, पांढऱ्या, पाण्यावर तरंगाव्यात अशा. उंची दारापेक्षा थोडी जास्त, वर स्लॅब नाही, थेट पत्र्यापर्यंत मोकळं. खोली शटरच्या अगदी जवळ. रोज एकेक थर चढायचा. मिस्त्री जेवायला गेले की मी जाऊन ओल्या भिंतीला खांदा लावून ढकलून बघायची. आमचे हे एकदा बघत होते. म्हणाले, "अगं, तूच पाडशील ती." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

दाराला कडी नको, असं मी निक्षून सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, "कडी न्हाय तर त्याला दार काय म्हणायचं? नुसती फळी." आमचे हे तिच्या बाजूनं. कडी लागली.

पहिल्या दिवशी ती आत गेली, दार लोटलं, आणि खटकन आवाज आला. मी भाकरी थापत होते, ती परातीतच मोडली. त्यानंतर रोज तो आवाज. कॉलेजातून आली की खट. जेवण झालं की खट. दर खटक्याला मी हातातलं काम सोडून त्या दाराकडं बघत बसायची. ती आत गाणं गुणगुणायची. मनात यायचं, किती बेफिकीर पोरगी आहे ही. रागही यायचा आणि आतून बरंही वाटायचं, की निदान हिला तरी भीती नाही. माझ्यावर गेली नाही, हे बरं झालं.

आमच्या जिल्ह्यात मधूनच एक आवाज होतो. जमिनीतून येतो की आभाळातून, कळत नाही. भांडी हलतात, माणसं रस्त्यावर येतात, मग कुणी म्हणतं विमान गेलं, कुणी म्हणतं खाणीत सुरुंग उडवला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'गूढ आवाज' म्हणून येतं आणि विषय संपतो. माझा संपत नाही.

त्या दुपारी लाईट गेली होती. मशीन बंद, हे तुळजापूरला गेलेले. थोड्या वेळापूर्वीच तिची कडी खटकन वाजली होती. मी पार दुसऱ्या टोकाला गॅसजवळ होते. आणि तो आवाज झाला. असा झाला की पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरला, फडताळातली ताटं जमिनीवर आली, आणि कैच्यांवर साठलेली सगळी जुनी धूळ एकदम खाली कोसळली. मला समोरचा खांब दिसेना. पाय सवयीनं शटरकडं वळले. थोडी पळालेही. मग तिची कडी आठवली आणि मी त्या दाराकडं धावले. ओरडत होते, "कडी काढ! कडी काढ गं!" आतून काहीच नाही. वडिलांसारखाच मी खांदा लावला आणि होती नव्हती ती ताकद लावून दार ढकललं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत तोंडावर आपटले. खोलीत कुणी नव्हतं. पेनाचं टोपण उघडं, वही उघडी.

अंगणातून हाका येत होत्या, "आई! आई, बाहेर ये!" मी बाहेर गेले. ती अनवाणी उभी होती, पांढरीफटक. मला बघितल्यावर ती माझ्या दंडावर बुक्क्या मारायला लागली. "आत कशाला गेलीस तू? आत कशाला गेलीस?"

"तू कडी लावलीस ना," मी म्हणाले. "मी ऐकली की."

"वाजवते मी. वाजवते आणि परत काढते. कवाच लावली न्हाय."

"मग वाजवतेस कशाला?"

तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मला भ्या वाटत न्हाय असं तुला वाटावं म्हणून." मग म्हणाली, "तिथं बसले की मला आत्याआजीच ऐकू येते. मी अभ्यास आतून दाराशी बसून करते, पलंगावर न्हाय. लातूरला पण मला जायचं नव्हतं गं. तो जिना बघून मलाच चक्कर आली."

 मला दिसली नाही अशी भीती माझ्या पोरीच्या अंगात माझ्याच तोंडून गेली होती. मला वाटत होतं, मी तिला भिंतीपासून वाचवते आहे. मी तिला आत्याच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. पुढं ती शिकायला बाहेर जाईल, लग्न होईल, कुठल्या तरी गावात चार मजल्यांवर राहील, आणि प्रत्येक दाराशी अशीच अर्धी आत, अर्धी बाहेर बसेल.

"चल," मी म्हणाले.

"कुठं?"

"आत. तुझ्या खोलीत."

ती यायला तयार नव्हती.  तिचा हात धरून मी आत गेले, दार लावलं आणि कडी वर उचलली. कडी कोंड्यात बसेना. शेवटी तिनं माझ्या हातावर हात ठेवून ती बसवली. या वेळी ती काढली नाही.

आम्ही पलंगावर बसलो. धूळ अजून वरून गळत होती.

"तुला भ्या वाटायलंय?" तिनं विचारलं.

"लई."

"मला पण."

पडवीत ह्यांच्या गाडीचा आवाज आला. थोड्या वेळानं त्यांनी खोलीचं दार ढकलून बघितलं, ते उघडलं नाही. "काय चाललंय गं दोघींचं आत?"

"अभ्यास," ती म्हणाली, आणि मांडीवर वही ओढून घेतली. मी भिंतीला पाठ टेकून बसून राहिले.